डावा खांदा, अर्धा इंच खाली

"मास्तर, हा शर्ट माझा की माझ्या सावलीचा?" औषधांच्या दुकानातला तो बुटका, गोल अंगाचा माणूस आरशासमोर उभा राहून म्हणाला आणि त्याने दोन्ही हात पुढे धरले. बाह्या बोटांवर उतरून लोंबत होत्या. पोटावरची दोन बटणं काजापर्यंत पोचत नव्हती, कॉलर गळ्याला पुरत नव्हती. कोपऱ्यात स्टुलावर बसून काजं करणारे काजकाका चष्म्यावरून बघत म्हणाले, "सावलीचाच. संध्याकाळी पाचनंतर घाला साहेब, बरोब्बर बसेल." तो माणूस हसला. काजकाका स्वतःच्याच विनोदावर खोकल्यासारखे हसले. मास्तर हसले नाहीत. गळ्यात टेप, कानावर खडू, अशा रोजच्या थाटात ते पुढे झाले, कुठे काय बिघडलंय ते बघायला. आणि त्यांचा हात आपसूक त्या माणसाच्या डाव्या खांद्यावर गेला. तिथे कापड उगाच ओढलं गेलं होतं. मानेपासून खांद्याच्या टोकापर्यंत एक तिरपी चुणी पडली होती. त्यांनी शिवण चाचपली. उजवा खांदा सरळ होता. डावा अर्धा इंच खाली उतरवलेला होता. मोजायची गरज नव्हती. एकतीस वर्षांत मास्तरांनी हजारो शर्ट कापले होते, पण डावा खांदा अर्धा इंच खाली असा एकाच अंगासाठी कापला होता, आणि ते अंग आठ महिन्यांपूर्वी संपलं होतं.

"मास्तर?" तो माणूस आरशातून त्यांच्याकडे बघत होता. "काय झालं? परवा नव्या जागी रुजू व्हायचंय मला. पहिल्याच दिवशी असा गेलो तर लोक म्हणतील, मोठ्या भावाचा घालून आलाय." मास्तरांनी मापवही उघडली. त्याचं पान समोर होतं, त्यांच्याच अक्षरात: छाती चाळीस, पोट बेचाळीस, बाही साडेबावीस, गळा सोळा. वही बरोबर होती. वही समोर ठेवूनच परवा सकाळी त्यांनी कापड अंथरलं होतं, आकडे वाचले होते, खडू हातात घेतला होता. डोळ्यांनी चाळीस वाचलं होतं. हाताने काय केलं ते हातालाच ठाऊक. "चूक माझी," मास्तर म्हणाले. "कापडाचं मी बघतो. उद्या दहाला या. तयार असेल." तो माणूस शर्ट काढता काढता थांबला. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी सरकलं. ह्या गल्लीतल्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर ते केव्हा ना केव्हा सरकतं, मास्तरांना आता ते पाठ झालं होतं: आधी आठवण, मग ओशाळणं, मग आवाज एकदम मऊ. "राहू द्या हो मास्तर," तो म्हणाला. "तशी घाई नाही. माझ्याकडे आहे एक जुना." मास्तरांना वाटलं, ह्याने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "उद्या दहाला," ते पुन्हा म्हणाले, आणि शर्ट त्याच्या हातून घेऊन हँगरवर अडकवला. हँगरवर तो सरळ बसेना. एका बाजूला जरासा कलून राहिला.

मास्तरांचा मुलगा नऊ वर्षांचा असताना पडला होता. भिंतीवरून. भिंतीवर का चढला होता ते कुणी विचारलं नाही, कारण त्या वयाच्या पोरांना भिंत दिसली की चढायचीच असते. मानेजवळचं हाड मोडलं, ते बसवलं, बसताना जरा खालीच बसलं. डॉक्टर म्हणाले, काही नाही, नुसतं दिसायला. बायको रडली होती: "एका बाजूने उतरलेला दिसणार का हो आता हा जन्मभर?" मास्तर तेव्हा तरुण होते आणि त्यांना स्वतःच्या हाताचा भारी गर्व होता. ते म्हणाले, "मी कशाला आहे?" त्यांनी डाव्या खांद्याचं कापड अर्धा इंच खाली घेतलं, आतून अस्तराची एक बारीक घडी दिली, आणि बरा होऊन शाळेत गेला त्या पहिल्याच दिवशी पोरगा सरळ दिसला. नुसता सरळ नाही, ताठ. शिपायासारखा. तिथून पुढे प्रत्येक शर्ट तसाच. उंची वाढत गेली. बाही दर सहा महिन्यांनी अपुरी पडायची, म्हणून मास्तरांनी त्याचं नाव लंब्या ठेवलं, आणि तेच मग घरभर झालं. पण खांदा कुणालाच कधी कळला नाही. मित्रांना नाही, शिक्षकांना नाही. अंगातलं उणं झाकायचं, तेच तर आपलं काम, असं मास्तर नवशिक्यांना सांगायचे. पोट असलेल्याला पोट दिसता कामा नये, पाठीत वाकलेला वाकलेला दिसता कामा नये. आरशासमोर उभा राहिला की माणसाला वाटलं पाहिजे, अरेच्चा, मी असा आहे होय!

मापवहीत पहिल्याच पानावर घर होतं. बायकोची एक ओळ, धाकट्या लेकीच्या दोन, आणि लंब्याचे रकानेच्या रकाने. वर्षाला एक असे ते रकाने चालले होते, नऊपासून एकवीसपर्यंत. मग बाविसाव्या वर्षात मध्येच ते दाट झाले होते.

जून. छाती अडतीस. बाही साडेपंचवीस. गळा साडेचौदा. डावा खांदा अर्धा इंच खाली.

सप्टेंबर. छाती सदतीस. बाकी तेच.

नोव्हेंबर. छाती साडेपस्तीस. बाकी तेच.

जानेवारी. छाती चौतीस. बाकी तेच.

पुढचा रकाना आखलेला होता.

बायको चारला आली. रोज चारला येते. दुकानाच्या मागच्या बाजूला इस्त्रीचं टेबल आहे, तिथे ती उभी राहते आणि दिवसभरात तयार झालेले कपडे इस्त्री करून घड्या घालते. पूर्वी ती हे काम घरी करायची. फेब्रुवारीनंतर घरात दुपार काढणं तिला जमेना. धाकटी मावशीकडे राहायला गेली होती, कॉलेज तिथून जवळ पडतं असं सांगून, आणि दोघांनीही ते खरं मानून घेतलं होतं. रोज संध्याकाळी तिचा फोन येतो. ती बापाला विचारते, आई जेवली का, आणि आईला विचारते, बाबा जेवले का. स्वतःबद्दल काही सांगत नाही. मास्तर कधी कधी फोन कानाला लावून नुसता तिचा श्वास ऐकत बसतात आणि मनात म्हणतात, हिचं माप घेऊन किती दिवस झाले. आणि मग टेप नुसता आठवला तरी ते फोन खाली ठेवतात.

तर बायको आली. चपला काढल्या, पिशवी खुंटीला लावली, काजकाकांना "बरे आहात ना?" म्हणाली. काजकाका नेहमीसारखे "अजून सुई ओवता येते, म्हणजे बराच आहे," म्हणाले. मग ती दोन पावलं चालली आणि थांबली. मास्तरांची पाठ तिच्याकडे होती. ती कशापाशी थांबली ते त्यांना न बघता कळलं. शर्ट लपवायला पाहिजे होता, टेबलाखाली, कापडाच्या ताग्यामागे, कुठेही. दुपारचा सगळा वेळ त्यांच्यापाशी होता. आपण तो लपवला का नाही? त्यांनी कात्री खाली ठेवली. बायको हँगरपाशी उभी होती. तिने शर्टाला हात लावला नव्हता, नुसती बाहीच्या टोकाकडे बघत होती, जसं कुणी खाली मान घालून उभ्या असलेल्या माणसाकडे बघावं.

"हा लंब्याचा," ती म्हणाली.

"चुकून झाला," मास्तर म्हणाले. "दुसऱ्याचा कापत होतो."

काजकाकांनी हातातलं काज तसंच ठेवलं, सुई कापडात टोचून ठेवली, आणि "मी जरा चहा सांगून येतो," म्हणत बाहेर गेले. चहावाला हाकेच्या अंतरावर आहे. काजकाका परत आले नाहीत. जाताना दार मात्र त्यांनी हळूच ओढून घेतलं.

"मला द्या," बायको म्हणाली.

तिच्याकडे त्याचे नऊ शर्ट आहेत. कपाटाचा एक पूर्ण कप्पा. आठवड्यातून एकदा ती ते बाहेर काढते, सगळे खिसे चाचपून बघते, पुन्हा घड्या घालते, पुन्हा ठेवते. जाताना त्याने चिठ्ठी ठेवली नव्हती. पहिले दोन महिने ती चिठ्ठीच शोधत होती, वह्यांत, पुस्तकांत, गादीखाली; आता शोधत नाही, पण खिसे बघते. मास्तर एकदा म्हणाले होते, "अगं, मी शिवलेत ते खिसे, त्यात चोरखिसा नाही." त्यावर ती पुढचा खिसा चाचपायला लागली होती. घरी कुणी भेटायला आलं की तिचं एक बोलणं ठरलेलं. तेच शब्द, त्याच क्रमाने, जणू कुणी पाठ करून घेतलंय: "काही म्हणजे काही कळलं नाही हो. शेवटच्या दिवसापर्यंत कसा टापटीप. वेळेवर उठायचा, डबा घेऊन जायचा, डबा रिकामा आणायचा. कपडे अंगावर कसे बसायचे त्याच्या! आजारी माणसाचे कपडे असे बसतात का, सांगा." आणि आलेला माणूस मास्तरांकडे बघून मान हलवायचा: "हातच तसा आहे मास्तरांचा." मग सगळे मिळून त्या एका वाक्याशी यायचे, कुणालाच कळलं नसतं. तिचे मामा म्हणाले होते, डॉक्टर म्हणाले होते, तो ज्या नकाशांच्या कचेरीत नोकरीला लागला होता तिथले साहेब येऊन खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाले होते. कुणालाच कळलं नसतं. ती ह्या वाक्यावर जगत होती. दुसरं तिच्याकडे काही नव्हतं. आणि मास्तरांकडे मापवही होती.

सप्टेंबरात एका रविवारी दुपारी तो दुकानात आला होता. तो दुकानात कधी यायचा नाही. लहानपणी यायचा, चिंध्या गोळा करायला. मोठा झाल्यावर दुकानाचा त्याला कंटाळा आला होता, किंवा लाज, किंवा काहीच नाही, मुलं मोठी होतात तेव्हा बापाच्या दुकानात येत नाहीत एवढंच. आणि त्या दिवशी दारात उभा, हातात पिशवी. पिशवीत नऊ शर्ट. "बाबा, सैल होतायत जरा. आत घ्याल?" मास्तरांना इतका आनंद झाला होता की त्यांनी खुर्ची पुसली. रविवारचं दुकान रिकामं, फक्त बापलेक. त्यांनी टेप त्याच्या पाठीमागून घेतला, काखेखालून पुढे आणला, छातीवर दोन टोकं जुळवली. मोठ्या झालेल्या मुलाला बाप हात कुठे लावतो? सणकून ताप आला तर, नाहीतर नाही. टेपाच्या निमित्ताने ते त्याच्या इतक्या जवळ उभे होते की त्याच्या मानेला साबणाचा वास येत होता. सदतीस. "काय रे लंब्या, हवेवर जगतोस का?" "कचेरीत जिने फार आहेत," तो म्हणाला. दोघं हसले. मग जाता जाता: "आईला सांगू नका हं. उगाच ताटात वाढत बसेल." "छे, मी कशाला सांगतोय!" मास्तर म्हणाले. त्यांना वाटलं होतं, पोराचं आणि आपलं काहीतरी गुपित झालं. कितीतरी वर्षांनी.

त्यांनी नऊही शर्ट उसवले, अर्धा अर्धा इंच आत घेतले, पुन्हा शिवले. असे बसवले की बघत राहावं. आत माया ठेवली. शिवणीच्या आत जादा कापड ठेवतात त्याला माया म्हणतात. ती त्यांनी कापली नाही, कारण पोरगा पुन्हा भरेल, पुन्हा शर्ट मोठे करावे लागतील, हे त्यांनी गृहीत धरलं होतं. नोव्हेंबरात तो पुन्हा आला. पुन्हा रविवार, पुन्हा पिशवी. साडेपस्तीस. टेप फिरवताना ह्या वेळी फासळ्या लागल्या. बोटांना लागल्या. गेले आठ महिने रोज मास्तर हे एकच धरून बसले आहेत: बोटांना लागल्या, म्हणजे कळलं होतं. कळणं म्हणजे आणखी काय असतं? कळतं ते आधी बोटांनाच, डोक्याला नंतर, हे ते स्वतःच नवशिक्यांना सांगायचे. त्यांनी विचारलं होतं, "बरं आहे ना तुझं?" तो म्हणाला होता, "हो." ह्या 'हो'वर त्यांनी किती विचार केला आहे! तो पटकन म्हणाला का? थांबून म्हणाला का? आरशात बघत म्हणाला का? आठवत नाही. आठवतं ते एवढंच की साडेपस्तीस लिहिताना पेन चालेना म्हणून त्यांनी ते झटकलं, शाईचा एक थेंब पानावर पडला आणि तो म्हणाला, "पान खराब झालं." जानेवारीत चौतीस. त्या वेळी ते काही बोललेच नाहीत. आणि बोलले नाहीत कारण ते कामात गुंगले होते. इतकं आत घ्यायचं तर मुंढा, बाही जोडायची ती कड, बिघडतो, बाही वर चढते, खिसा काखेकडे सरकतो. नऊ शर्टांचे खिसे उसवून पुन्हा लावावे लागतात. अवघड काम होतं. त्यांनी ते फार सुंदर केलं. पोरगा आरशासमोर उभा राहिला तेव्हा सरळ, ताठ, नीट दिसत होता, आणि मास्तर त्याच्या मागे उभे राहून स्वतःच्या कामाकडे बघत होते. त्याच्याकडे नाही. शर्टाकडे. त्याने घरात सैल, लोंबणारे कपडे घातले असते तर त्याच्या आईने पहिल्याच आठवड्यात आरडाओरडा करून घर डोक्यावर घेतलं असतं. तिला दिसलं असतं. सगळ्यांना दिसलं असतं. कुणालाच कळलं नसतं हे खरं होतं, कारण मास्तरांनी तशी व्यवस्था केली होती.

"मला द्या म्हटलं ना," बायको म्हणाली. तिने शर्ट हँगरवरून काढून छातीशी धरला होता.

हाताने जूनचा शर्ट कापला होता. अडतीस. पोरगा धड होता तेव्हाचा. ती तो घरी नेणार, त्या नऊ शर्टांवर ठेवणार, ठेवताना कडेला कड जुळवणार, तिची घडी अशी चोख की नऊच्या नऊ एका शर्टासारखे दिसतात. आणि हा दहावा दोन्हीकडून बाहेर येणार. छातीत चार इंच जास्त. ती विचारणार, हा मोठा कसा?

"थांब," मास्तर म्हणाले. "मापात नाही तो. जरा आत घ्यायला लागेल. देतो करून, बस."

ती स्टुलावर बसली. काजकाकांच्या. मास्तरांनी शर्ट उलटा केला, दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवल्या, खडूची रेघ ओढली, सुया टोचल्या. हात सवयीने बिनचूक चालले. ह्याचंच त्यांना आश्चर्य वाटलं, आणि मग शिसारी आली. मशीन चालू झालं. अडतीसवरून थेट चौतीस. बाही काढून मुंढा सारखा केला, खिसा उसवून मध्ये आणला. बाहेर रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी उगाचच वाजवत गेलं.  हे चौथ्यांदा करतोय आपण, मास्तरांच्या मनात आलं. तीनदा तो असताना आणि आता तो नसताना. आणि ह्यापुढे हेच करत राहायचं, ती विचारेल तेवढे दिवस, हळूहळू ती थकेल, आपण थकू, मग कुणी विचारणार नाही. त्यांनी दोरा दाताने तोडला आणि शर्ट तिच्यापुढे धरला. "घे. आता बरोबर आहे."

तिने तो घेतला. सुलटा केला नाही. उलटाच मांडीवर पसरला आणि काखेपासून खाली शिवणीवरून बोट फिरवत आली, पुन्हा वर गेली, पुन्हा खाली आली. इस्त्री करणाऱ्या बाईचं बोट. उसवलेल्या शिवणीची जागा कापडावर राहते, बारीक भोकांची एक रेघ; कितीही धुवा, कितीही इस्त्री फिरवा. "त्याच्या शर्टांना आत तीन रेघा आहेत," ती म्हणाली. "भोकांच्या. ह्याच्यापेक्षा दोन जादा. ह्याला एकच कशी?"

दुकानात मशीनच्या चाकाचा आवाज अजून येत असल्यासारखं वाटलं. चाक थांबलेलं होतं. मास्तर काहीतरी म्हणणार होते. जुनं कापड असतं, धुताना आटतं, असं काहीतरी. तोंड उघडलंही होतं.

"मी इस्त्री करायची ना," ती म्हणाली. "पहिली रेघ दिसली तेव्हा म्हटलं, तुम्ही काहीतरी फिटिंग केलं असेल. दुसरी दिसली. जानेवारीत तिसरी. विचारणार होते." तिचं बोट शिवणीवरच होतं. "डबा रिकामा यायचा. नुसता रिकामा नाही, धुतलेला यायचा. चकचकीत. बावीस वर्षांचा मुलगा कचेरीतून डबा धुऊन आणतो का हो कधी? मला वाटलं, शहाणा झालाय. शेजारणीला कौतुक सांगितलं मी."

मास्तरांनी खुर्ची पुढे ओढली.  त्यांनी मापवही तिच्याकडे सरकवली, पहिलं पान उघडून. तिने ती वाचली. जून वाचला, सप्टेंबर वाचला, नोव्हेंबरावरच्या शाईच्या डागावर बोट ठेवलं, जानेवारी वाचला. रिकाम्या रकान्यापाशी थांबली. ती रडेल, किंवा वही फेकेल, किंवा त्यांच्या अंगावर धावून येईल, असं आठ महिने मास्तरांनी मनात किती वेळा रंगवलं होतं. आणि प्रत्येक वेळी त्यानंतर थोडं हलकं वाटेल असंही धरलेलं होतं. ती रडली नाही. त्यांना हलकं वाटलं नाही.

"अजून दोन घाला," ती म्हणाली.

"काय?"

"रेघा. उसवा हे. पहिल्यापासून करा, जसं केलं होतं तसं. मला बघायचंय."

त्यांनी उसवलं. पुन्हा अडतीसवर आणलं. मग सदतीस शिवलं. तिने विचारलं, "हे कधी?" "सप्टेंबर. रविवार होता. तू धाकटीला घेऊन बाहेर गेली होतीस." "काही बोलला?" "जिने फार आहेत म्हणाला. तुला सांगू नका म्हणाला." पुन्हा उसवलं, साडेपस्तीस शिवलं. "हे?" "नोव्हेंबर. फासळ्या लागल्या." "हाताला?" "हाताला." "मग?" "मग काही नाही. विचारलं, बरं आहे ना. हो म्हणाला." ती मान हलवत होती, जशी माणसं दुसऱ्याच कुणाच्या घरची हकिगत ऐकताना हलवतात. पुन्हा उसवलं. चौतीस. "जानेवारी," मास्तर आपणहून म्हणाले. "काही बोललो नाही आम्ही." मशीन थांबलं. तिने शर्ट ओढून घेतला आणि बोटाने मोजलं. पहिली, दुसरी, तिसरी. आता तो त्या नऊ शर्टांसारखाच होता. कुणालाही ओळखू आला नसता.

"उसवलं तर पुन्हा मोठा होतो?" तिने विचारलं.

"होतो. कापड आत आहे."

"आणि रेघा?"

"त्या राहतात."

तिने घडी घातली. नेहमीची, चोख. पिशवीत ठेवली. आणि मग घरी न जाता तिथेच उभी राहिली. बाहेर अजून उजेड होता. काजकाका चहावाल्याच्या बाकावर पाठमोरे बसलेले काचेतून दिसत होते, त्यांच्या शेजारी दोन झाकलेले पेले. दुकानातलं घड्याळ साडेपाच दाखवत होतं, आणि उद्या दहाला तो औषधांच्या दुकानातला माणूस येणार होता. परवाचा त्याचा नव्या जागचा पहिला दिवस कुणासाठीही थांबणार नव्हता. मास्तरांनी फळीवरून त्याच फिकट निळ्या कापडाचा तागा काढला, टेबलावर अंथरला, सुरकुती हाताने पुसली. खडू घेतला. मापवहीत त्या माणसाचं पान काढलं. चाळीस वाचलं. खडू कापडावर टेकवला आणि त्यांना कळेना की हात आता काय काढणार आहे. त्यांनी खडू उचलला.

"जरा वाचतेस का?" ते म्हणाले. "मोठ्याने."

ती आली. टेबलाच्या पलीकडे उभी राहिली, वही हातात घेतली, पिशवी काखेतच होती. "छाती चाळीस," ती म्हणाली.

"परत वाच."

"चाळीस."

त्यांनी चाळीस काढलं. "पोट बेचाळीस." बेचाळीस काढलं. "बाही साडेबावीस." "परत." "साडेबावीस. गळा सोळा." तिचा आवाज सपाट होता, रेल्वेच्या वेळा सांगतात तसा. एका परक्या माणसाचं अंग टेबलावर उमटत गेलं, रुंद, बुटकं, पोटात सुटलेलं, जिवंत.

"खांदा?" मास्तरांनी विचारलं.

तिने पान खालीवर पाहिलं. "खांद्याचं काही लिहिलेलं नाही."

"मग सरळ."

"सरळ," ती म्हणाली.

त्यांनी उजवा खांदा काढला. मग खडू मानेपाशी नेला आणि डावीकडे ओढत निघाले, आणि अर्ध्यावर आल्यावर खडू थांबला. ती वही धरून उभी होती. थोड्या वेळाने तिने पुन्हा वाचलं, पानावर नव्हतं ते.

"सरळ."